डेन्व्हर : डोंगराकडे तोंड करून बसलेले शहर

पठारवासी

चौदा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा डेन्व्हरला उतरलो, तेव्हा विमानाच्या खिडकीला नाक लावून डोंगर शोधत होतो. खाली मात्र क्षितिजापर्यंत सपाट शेते, त्यांत सिंचनाची हिरवी वर्तुळे आणि फूटपट्टीने आखल्यासारखे मातीचे रस्ते एवढेच दिसत होते. रॉकी पर्वताच्या कुशीतले शहर म्हणून ज्याची छायाचित्रे पाहिली होती, ते गाव प्रत्यक्षात माळावर वसलेले आहे हे कळायला विमानतळाबाहेर येऊन पश्चिमेकडे वळावे लागले. डोंगर होते, पण शहराच्या पार पलीकडे, निळसर भिंतीसारखे. शहराच्या मध्यापासून पहिल्या टेकड्या वीसपंचवीस किलोमीटरवर आहेत आणि पूर्वेला कॅन्सस राज्यापर्यंत नुसता गवताळ प्रदेश आहे.

तरीही हा माळ साधासुधा नाही. कोलोरॅडो राज्याच्या या राजधानीची समुद्रसपाटीपासूनची उंची ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल किंवा १,६०९ मीटर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. शिड्या चढून, धापा टाकत देवळापाशी पोहोचल्यावर आपण ज्या उंचीवर असतो, जवळपास त्याच उंचीवर हे सात लाखांहून अधिक वस्तीचे (२०२० च्या जनगणनेत ७,१५,५२२) सपाट शहर पसरले आहे, असे सांगितले की इथल्या मंडळींना अंदाज येईल.

ही एक मैलाची उंची शहराला इतकी प्रिय आहे की राज्य विधिमंडळाच्या इमारतीच्या पश्चिमेकडील पायऱ्यांवर तिची खूण केलेली आहे. गंमत अशी की तिथे एक सोडून तीन खुणा आहेत. मूळची पंधराव्या पायरीवर होती. १९६९ साली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा मोजणी केली आणि अठरावी पायरी खरी ठरवली. २००३ साली आणखी नेमके मापन झाले आणि मान तेराव्या पायरीकडे गेला. तिन्ही खुणा अजून जागच्या जागी आहेत आणि पर्यटक आपापल्या सोयीच्या पायरीवर उभे राहून छायाचित्र काढतात.

मुळात हे शहर इथे का झाले? उत्तर सोने असे दिले जाते, पण ते अर्धेच आहे. १८५८ साली साउथ प्लॅट नदीच्या खोऱ्यात थोडेसे सोने सापडले आणि चेरी क्रीक हा ओढा त्या नदीला मिळतो त्या संगमाच्या आसपास खाणवाल्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्यम लॅरिमर नावाच्या गृहस्थाने दुसऱ्यांनी आधीच आखून ठेवलेल्या जागेवर हक्क सांगितला आणि आपल्या गावाला कॅन्सस प्रदेशाचे गव्हर्नर जेम्स डेन्व्हर यांचे नाव दिले, कारण हा भाग तेव्हा कॅन्ससमध्ये मोडत होता आणि नावाच्या बदल्यात सरकारी कृपा होईल अशी अपेक्षा होती. डेन्व्हरसाहेबांनी तोवर राजीनामा दिलेला होता. बातमी पोहोचायला उशीर झाला आणि नाव कायमचे चिकटले. खरे मोठे सोने पुढच्या वर्षी सापडले, तेही गावात नव्हे तर पश्चिमेच्या डोंगरात. डेन्व्हरच्या वाट्याला आली ती खाणवाल्यांना फावडी, पीठ आणि दारू विकण्याची जागा. तो धंदा सोन्यापेक्षा टिकाऊ ठरला.

मला सर्वांत रंजक वाटतो तो त्यापुढचा प्रसंग. अमेरिकेचे दोन किनारे जोडणारी रेल्वे आपल्या गावावरून जाईल असे डेन्व्हरने गृहीत धरले होते. परंतु गावाच्या थेट पश्चिमेला पर्वत इतका उंच आणि उभा आहे की युनियन पॅसिफिक कंपनीने उत्तरेकडच्या वायोमिंगमधली सौम्य चढण निवडली आणि रेल्वे शायेनवरून गेली. त्या काळी हा मृत्युदंडच होता. जनगणनेचे आकडेच पाहा : १८६० मध्ये लोकसंख्या ४,७४९ आणि १८७० मध्ये ४,७५९. दहा वर्षांत दहा माणसे वाढली! तेव्हा माजी गव्हर्नर जॉन एव्हान्स आणि इतर व्यापाऱ्यांनी स्वतःची कंपनी काढली, गावातूनच भांडवल उभे केले आणि शायेनपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा लोहमार्ग टाकून १८७० च्या जूनमध्ये पहिली गाडी आणली. १८८० ची लोकसंख्या ३५,६२९ आहे. रेल्वे आपल्या दारी येत नाही तर आपणच तिच्या दारापर्यंत रूळ टाकावेत, हा हिशेब मला या शहराच्या स्वभावाची किल्ली वाटतो. थेट पश्चिमेला डोंगराच्या पोटातून जाणारा दहा किलोमीटरचा मॉफट बोगदा व्हायला १९२८ साल उजाडले.

कोलोरॅडो १ ऑगस्ट १८७६ रोजी राज्य झाले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी त्याच वर्षीची, म्हणून शताब्दी राज्य हे टोपणनाव. पुढे चांदीने शहराला श्रीमंत केले आणि १८९३ साली केंद्र सरकारने चांदीची खरेदी थांबवताच तिनेच त्याला झोपवले. विधिमंडळाची इमारत त्याच चढउताराच्या काळात बांधली गेली. तिच्या घुमटावर सोन्याचा मुलामा चढला तो १९०८ साली. आत गुलाबी छटेचा एक दगड आहे, जो याच राज्यातल्या ब्यूला गावाजवळ मिळाला आणि ज्याचा ज्ञात साठा या एका इमारतीतच संपला.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हरला मिळाले होते. १९७२ च्या नोव्हेंबरात राज्यातल्या मतदारांनी त्यासाठी सरकारी पैसा द्यायला नकार दिला आणि स्पर्धा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला गेल्या. मिळालेले ऑलिंपिक परत करणारे हे एकमेव शहर आहे. खर्चाचा राग होताच, पण डोंगराचे काय होईल ही काळजीही तितकीच होती. त्या विरोधाचे नेतृत्व करणारे रिचर्ड लॅम पुढे तीन वेळा गव्हर्नर झाले.

पाण्याबद्दल मी मुद्दाम लिहिले नाही. त्यातले जाणकार इथे आहेत.

भूगोलवेडा

आमंत्रण स्वीकारतो. डेन्व्हर समजून घ्यायला मराठी माणसाला फारसे कष्ट पडू नयेत, कारण आपण पर्जन्यछाया शाळेपासून शिकतो. प्रशांत महासागरावरून येणारे बाष्प रॉकीच्या पश्चिम उतारावर बर्फाच्या रूपाने रिते होते आणि पूर्वेच्या पायथ्याशी असलेल्या डेन्व्हरला वर्षाकाठी जेमतेम ३६ सेंटिमीटर पाऊस व बर्फ मिळून मिळतो. महाबळेश्वर आणि माण तालुका यांच्यात जे नाते आहे, तेच इथे अधिक मोठ्या मापात आहे. राज्यातील सुमारे ८० टक्के पाणी जलविभाजकाच्या पश्चिमेला पडते आणि ८० टक्क्यांहून अधिक लोक पूर्वेला राहतात.

यावरचा उपाय म्हणजे बोगदे. मॉफट बोगद्याचा उल्लेख वर आला आहे. त्याच्या बांधकामासाठी शेजारी खोदलेला लहान बोगदा नंतर वाया न घालवता त्यातून १९३६ पासून पश्चिमेचे पाणी पूर्वेला आणले गेले. त्याहून मोठा रॉबर्ट्स बोगदा १९६२ साली पूर्ण झाला. तो ३७ किलोमीटरहून लांब आहे आणि डिलन जलाशयातले पाणी पर्वताखालून साउथ प्लॅटच्या खोऱ्यात सोडतो. त्या जलाशयासाठी जुने डिलन गाव हलवावे लागले. डेन्व्हरमध्ये नळाला येणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे असे पलीकडून आलेले असते. आपल्या कोयनेचे आणि मुळशीचे पाणी आठवते, पण दिशा उलटी आहे : आपण कोरड्या पूर्वेच्या वाट्याचे पाणी आधीच ओल्या असलेल्या कोकणात उतरवून वीज केली, यांनी ओल्या बाजूचे पाणी कोरड्या बाजूला आणले. वाद मात्र दोन्हीकडे सारखेच. जे पाणी बोगद्यात वळवले जाते ते एरवी कोलोरॅडो नदीतून अॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या दिशेने गेले असते, त्यामुळे डेन्व्हरच्या अंगणातल्या हिरवळीचे भांडण सात राज्यांपर्यंत पोहोचते.

कायदाही विलक्षण आहे. नदीकाठची जमीन तुमची म्हणून पाणी तुमचे, हे तत्त्व इथे चालत नाही. ज्याने आधी पाणी उचलून उपयोगात आणले त्याचा हक्क आधी. नंतर आलेल्याने उरले तर घ्यावे. १८६० च्या दशकात पाट काढलेल्या शेतकऱ्याचा हक्क आजच्या एखाद्या नगरपालिकेच्या वर असू शकतो, आणि म्हणून शहरे शेतजमिनी विकत घेतात ती पुष्कळदा तिच्याबरोबर येणाऱ्या पाण्यासाठी. याच तर्काने आपल्या छपरावर पडणारे पावसाचे पाणीसुद्धा खाली कुणाच्या तरी हक्काचे ठरते. २०१६ पर्यंत बहुतेक घरांना पागोळ्यांखाली पिंप ठेवणे बेकायदा होते. त्या वर्षी कायदा बदलला आणि आता दोन पिंपे, मिळून ११० गॅलन, म्हणजे साधारण ४१६ लिटर पाणी साठवण्याची मुभा आहे.

साउथ प्लॅटवरचे टू फोर्क्स हे मोठे धरण १९९० साली केंद्रीय पर्यावरण संस्थेने नाकारले. तेव्हापासून नवे पाणी शोधण्याइतकाच भर असलेले पाणी जपून वापरण्यावर द्यावा लागला.

सांजवेळ

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु एका गोष्टीचे मला आश्चर्य वाटले. जॉन एव्हान्स यांचा उल्लेख आपण रेल्वे आणणारे उद्यमी नागरिक म्हणून केला आहे. ते माजी गव्हर्नर का झाले, हे सांगितल्याशिवाय तो उल्लेख पुरा होत नाही.

डेन्व्हर ज्या जमिनीवर आहे ती १८५१ च्या करारानुसार शायेन आणि अरापाहो या मूळ निवासी लोकांची होती. सोन्यासाठी आलेल्यांनी तिथे वस्ती केली तेव्हा तो करार लागू होता. १८६४ साली एव्हान्स यांनी शत्रुत्व करणाऱ्या मूळ निवासींना मारण्याची मुभा नागरिकांना देणारी घोषणा काढली. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला कर्नल जॉन चिव्हिंग्टन याच्या हाताखालील स्वयंसेवक सैन्याने आग्नेयेला सँड क्रीक इथल्या छावणीवर पहाटे हल्ला केला. ब्लॅक केटल हे तिथले प्रमुख शांततेची बोलणी करून परतले होते आणि त्यांच्या तंबूवर अमेरिकेचा ध्वज फडकत होता. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. मृतांच्या शरीराचे भाग डेन्व्हरच्या नाट्यगृहात मिरवले गेले. कॅप्टन सायलस सोल यांनी आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही आणि पुढे चौकशीत साक्ष दिली. १८६५ च्या एप्रिलमध्ये डेन्व्हरच्याच रस्त्यावर त्यांना गोळी घालण्यात आली. एव्हान्स यांना पद सोडावे लागले ते या प्रकरणामुळे.

त्यांनी दोन विद्यापीठांच्या स्थापनेत भाग घेतला होता : शिकागोजवळचे नॉर्थवेस्टर्न आणि डेन्व्हर विद्यापीठ. २०१४ साली दोन्ही विद्यापीठांनी आपल्या संस्थापकाच्या जबाबदारीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि डेन्व्हरच्या अभ्यासकांचा निष्कर्ष अधिक कठोर होता. शहरातून पश्चिमेला दिसणारे जे भव्य शिखर माउंट एव्हान्स म्हणून ओळखले जाई, त्याचे नाव २०२३ साली माउंट ब्लू स्काय असे बदलण्यात आले. अरापाहो स्वतःला निळ्या आकाशाचे लोक म्हणवतात.

आपल्याला शहराच्या स्वभावाची किल्ली रेल्वेत सापडली. रूळ टाकण्यापूर्वी जमीन कोणाकडून आणि कशी मिळवली, हाही त्याच स्वभावाचा भाग मानावा लागेल.

पठारवासी

सांजवेळ, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो मी पूर्णपणे स्वीकारतो. एव्हान्स यांना मी सोयीस्कररीत्या अर्धेच दाखवले. मी काही काळ शहराच्या मध्यभागी काम करत होतो आणि रोज अरापाहो रस्ता ओलांडून जात असे. त्या रस्त्याच्या आणि पंधराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सोल यांची स्मृतिपाटी आहे, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे गेली. ज्यांना हुसकावले त्यांचे नाव रस्त्याला आणि त्याच रस्त्यावर त्यांची बाजू घेणाऱ्याचा खून. त्या भागातले रस्ते नदीला समांतर, म्हणून बाकीच्या शहराशी तिरपे आहेत. नवखा माणूस तिथे हमखास वाट चुकतो.

कुकरचीशिट्टी

इतक्या गंभीर चर्चेत स्वयंपाकघर आणते, क्षमा असावी, पण उंचीचा अनुभव मला सर्वप्रथम तिथेच आला. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८३ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे पाणी ९५ अंशांनाच उकळते. पाण्याचा बुडबुडा पाहून आपण समजतो की आच पुरेशी आहे, पण उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ तासभर रटरटूनही दाण्यादाण्याने वेगळी राहते. राजमा आणि छोले तर विचारूच नका. कुकरला पर्याय नाही आणि कुकरलाही मुंबईपेक्षा एकदोन शिट्ट्या जास्त लागतात, कारण शिट्टीचे वजन बाहेरच्या दाबावर भर घालते आणि इथे मुळातला दाबच कमी आहे. केक उलट वागतो : पटकन फुगतो आणि मध्ये खचतो, म्हणून सोडा कमी आणि पाणी थोडे जास्त घालावे लागते. हवा इतकी कोरडी की पोळीची कणीक झाकल्याशिवाय पाच मिनिटेही ठेवता येत नाही, मात्र सांडगे आणि पापड एका दिवसात खडखडीत वाळतात. माझ्या सासूबाई इथे आल्या की हवामानाबद्दल त्यांची एवढी एकच प्रशंसा असते.

गल्लीक्रिकेट

विरळ हवेचा फायदा फलंदाजांनाही होतो. इथल्या कूर्स फील्ड या बेसबॉल मैदानावर चेंडू इतका दूर जाई की २००२ पासून सामन्याचे चेंडू आर्द्रता राखणाऱ्या खोलीत ठेवले जातात, म्हणजे ते सुकून टणक होत नाहीत. वरच्या सज्जात एका रांगेतल्या खुर्च्या जांभळ्या आहेत; ती रांग बरोबर एक मैल उंचीवर येते.

परतीचापाऊस

मुलीकडे मार्चमध्ये जाण्याचा विचार आहे. तोवर थंडी ओसरलेली असेल का? विमानतळ शहरापासून फार दूर आहे असेही ऐकले.

पठारवासी

परतीचापाऊस, मार्च हा डेन्व्हरचा फसवा महिना आहे. सरासरीने सर्वाधिक बर्फ याच महिन्यात पडतो. त्याचे कारण भूगोलवेडा यांच्या पर्जन्यछायेला असलेला अपवाद : वसंतात काही वादळे आग्नेयेकडून दमट वारा खेचून आणतात, तो वारा माळावरून चढत डोंगराला अडतो आणि सगळे ओझे शहरावर टाकतो. मार्च २००३ च्या एका वादळात जवळपास ८० सेंटिमीटर बर्फ पडले होते. दुसऱ्या टोकाला, डोंगरावरून खाली येणारा चिनूक नावाचा कोरडा उष्ण वारा सुटला की भर हिवाळ्यात दुपारी लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरतात. तेव्हा जाडा कोट आणि पातळ सदरा दोन्ही आणावेत, पाणी भरपूर प्यावे आणि पहिले दोन दिवस डोंगरावर जाण्याची घाई करू नये.

विमानतळाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. तो शहराच्या ईशान्येला भर माळावर आहे आणि मध्यवर्ती स्थानकापासून २०१६ साली सुरू झालेल्या रेल्वेने साधारण पस्तीसचाळीस मिनिटे लागतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३७ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या मुंबई बेटाच्या जवळपास दुप्पट आहे. त्यासाठी शेजारच्या अॅडम्स काउंटीची जमीन घ्यावी लागली आणि तिथल्या मतदारांची संमती १९८८ साली मिळवावी लागली. उद्घाटन १९९५ च्या फेब्रुवारीत झाले, तेही सोळा महिने उशिराने, आणि त्या विलंबाचे मोठे कारण म्हणजे बॅगा आपोआप वाहून नेणारी यंत्रणा. पत्रकारांसमोर केलेल्या चाचणीत तिने बॅगा फाडल्या आणि उधळल्या. पुढे २००५ साली ती पूर्ण मोडीत काढली गेली. अभियंत्यांना आजही हे उदाहरण शिकवतात.

बाहेर पडताना रस्त्यालगत दहा मीटरच्या आसपास उंचीचा, लाल डोळ्यांचा निळा घोडा दिसेल. तो घडवणारे शिल्पकार लुइस हिमेनेझ यांचा २००६ साली याच शिल्पाचा एक भाग अंगावर पडून मृत्यू झाला आणि घोडा दोन वर्षांनी उभा राहिला. तिथून गाडी पश्चिमेला वळली की उजव्या हाताच्या खिडकीशी बसावे. आकाश स्वच्छ असेल तर लाँग्ज शिखरापासून डोंगरांची रांग सुरू होते.

सांजवेळ

आणि डाव्या खिडकीशी बसणाऱ्याला माउंट ब्लू स्काय दिसते. वर जाणारा रस्ता उन्हाळ्यातच उघडतो, त्यामुळे मार्चमध्ये ते खालूनच पाहावे लागेल.